फणसाच्या फळीवर नाव कोरताना शेवटची अक्षरं जास्त खोल जातात – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे जीआरबीएल या कंट्रोल सॉफ्टवेअरवर चालणारं ३०१८ सीएनसी (संगणकाच्या सूचनेने कोरणारं छोटं मशीन) आहे. त्यावर मी घरांच्या नावाच्या पाट्या कोरतो. गेल्या महिन्यापर्यंत सगळं सुरळीत होतं. आता एकाच पाटीत खोली बदलते आहे आणि तीन फळ्या वाया गेल्या. जुन्या घराच्या फणसाचं लाकूड आहे, पुन्हा मिळणार नाही, म्हणून चौथी फळी लावायच्या आधी विचारतोय.

बिट (कोरायचं पातं) ६० अंशांचं व्ही, म्हणजे टोकाकडे निमुळतं आहे, खोली १ मिमी दिली आहे. म्हणजे रेघ वरून साधारण १.१५ मिमी रुंद यायला हवी. सुरुवातीचं ‘श्री’ अगदी बरोबर येतं. पुढे शिरोरेषा जाड होत जाते आणि शेवटच्या अक्षरावर व्हर्नियरने १.६ मिमी भरते, म्हणजे खोली १.४ च्या जवळ गेली. तिथे वेलांटीच्या पोटातला लाकडाचा बारीक तुकडा उडतो आणि अनुस्वार शेजारच्या मात्रेला चिकटतो.

आधी फळीवरच संशय घेतला. कोकणातल्या पावसात फळीला बाक येतोच. पण क्रम उलटा करून शेवटचं अक्षर आधी कोरलं, तर ते नीट आलं आणि ‘श्री’ खोल गेलं! म्हणजे जागेचा प्रश्न नाही, काम जसं पुढे जातं तशी चूक साचते. फळीखालच्या एमडीएफचं फेसिंगही (वरून कोरून सपाट करणं) करून घेतलं आहे.

मग वाटलं बिट सरकत असेल. ईआर ११ कॉलेट (बिट पकडून ठेवणारा भाग) काढून भुसा साफ केला, नट दोन पान्यांनी आवळला आणि कॉलेटच्या तोंडाशी बिटावर मार्करने रेघ मारली. तशीच एक रेघ झेडच्या (बिट वर-खाली नेणाऱ्या अक्षाच्या) कपलिंगवरून, म्हणजे मोटर आणि स्क्रू यांच्या जोडावरून, स्क्रूवर ओढली. काम संपल्यावर दोन्ही रेघा जागच्या जागी होत्या, पण झेड शून्यावर आणलं तर बिटाचं टोक फळीत रुतलं.

सलग लांब रेघ कोरली तर असं होत नाही. नावात मात्र प्रत्येक मात्रा, वेलांटी, अनुस्वारासाठी बिट उचलावं लागतं, एका पाटीत शंभराहून जास्त वेळा.

आणखी एक, मागच्याच महिन्यात बिट फिरवणारी मूळची ७७५ मोटर काढून ५०० वॅटचा स्पिंडल बसवला. तो बराच जड आहे. जीआरबीएलच्या सेटिंगमध्ये $१०२ (झेडच्या दर मिमीला स्टेप) आणि $११२ (झेडचा कमाल वेग, मिमी/मिनिट) दोन्ही ८०० वर आहेत. झेड मोटर उचलताना स्टेप सोडते आहे (सांगितलं तेवढं फिरत नाही) की नटात बॅकलॅश (ढिलेपणा) आहे? मोटरला वीज देणाऱ्या ड्रायव्हरचा करंट वाढवू का?

प्रतिसाद

दादा, बॅकलॅश असता तर दर वेळी तेवढाच फरक पडला असता, साचत गेला नसता. खोली वाढतच जाते म्हणजे वर जाताना स्टेप सुटताहेत. खाली येताना सुटल्या असत्या तर कोरीव काम उथळ होत गेलं असतं. करंटला लगेच हात लावू नका. वीज बंद करून झेडचा स्क्रू बोटांनी सावकाश फिरवा, पूर्ण उंचीत कुठे अडतोय का बघा. नव्या स्पिंडलचा क्लॅम्प तिरका आवळला गेला की दांड्यांवर ताण येतो. ते नीट झालं की $११२ निम्म्यावर आणा, $१२२ (झेडचं त्वरण) पण कमी करा, आणि टाकाऊ तुकड्यावर तोच प्रोग्रॅम चालवा.

धागाकर्ता

मनापासून आभार. स्क्रू फिरवून पाहिला, खाली मोकळा होता, पण वरच्या बाजूला एका ठिकाणी घट्ट लागत होता. क्लॅम्पचे चारही स्क्रू सैल केले, झेड वर-खाली नेत थोडे थोडे आवळले, अडखळणं गेलं. $११२ आता ४०० आहे, $१२२ निम्मं केलं. प्लायच्या तुकड्यावर तीच पाटी पूर्ण कोरली. शिरोरेषा सुरुवातीला १.१५, शेवटी १.२.

एवढा फरक चालेल का, की आता करंट थोडा वाढवून बघू? ड्रायव्हर ए४९८८ आहे आणि मोटरच्या पट्टीवर अँपिअर लिहिलेले नाहीत, तर कितीपासून सुरुवात करावी?