दुसऱ्याचं वाढत्या वयाचं लेकरू घरात सांभाळलंय का? अनुभव लिहा

कोठीवाली
काल तूर भरायची म्हणून पत्र्याची कोठी सरकवली. मागं पारले-जीचे तीन पुडे निघाले, उंदरांनी कुरतडलेले. एकाजवळ अर्धी पोळी, दगडासारखी. आम्ही सांभाळलेला पोरगा घरून जाऊन दोन वर्षं झाली.

१४ वर्षांचा होता आला तेव्हा. माय गेलेली, बाप दारूत. बाल कल्याण समिती, म्हणजे अशी लेकरं कुठं राहतील ते ठरवणारी सरकारी समिती, तिच्या आदेशानं आला. आमच्या लेकी लग्न होऊन गेलेल्या, घरात मी अन् आमचे हे. पहिले सहा महिने पोट्टं ताटावरून मान वर करत नव्हतं. वाढलं तेवढं खायचा, मागायचा नाही अन् सकाळी डब्यातल्या पोळ्या कमी. एकदा मी ओरडली, "चोरून कायले खातं, माग नं!" त्यावर दीड दिवस जेवलाच नाही. ती माझी चूक. मग डबाच त्याच्या खाटेजवळ ठेवला. म्हटलं हा तुझा, मी मोजत नाही. मोजत होती म्हणा. पुढं सगळं बंद झालं असं वाटलं होतं मला.

भाचा, पुतणी, समितीकडून आलेलं, कोणतंही असो. बरंवाईट सगळं लिहा. कालपासून डोक्यात तेच फिरून राहिलं.

पराटी विकणे आहे
ताई, उंदराले पारले-जी आवडते हे पक्कं.
आमच्याकडे पुतण्या आहे, १६ चा. मोबाईल दिला नाही तं वावरातल्या कोठ्यात जाऊन झोपला दोन दिवस. तिसऱ्या दिवशी गेलो, म्हटलं बैलाले कुटार टाकाचं आहे, चाल. आला. मोबाईलचं नावच काढलं नाही कोणी. मग बायकोनं आपला जुना दिला त्याले, मले न विचारता. आता रात्री १ वाजेपर्यंत रील. सुखी आहो.

नुसती मावशी
बहिणीची मुलगी आठवीपासून माझ्याकडे. तिला पाळी आली तर मला नाही, शेजारच्या काकूला सांगितलं. मी दोन दिवस फुगून बसले, वय काय माझं! काकू म्हणे, "अवं, तुझं तोंड तिच्या मायसारखं आहे, म्हणून लाजते." देव जाणे. मग गुपचूप पॅड तिच्या कप्प्यात ठेवून दिले, ती बोलली नाही, मीही नाही. आजही आमचं तसंच चालतं.
सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसनं हायस्कूलला जाते, मुलींना तिकीट लागत नाही तेवढं बरं. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की बस फाट्यावरूनच परत. पूर नाल्याला, राग माझ्यावर.

सरळ प्रश्न
असं लेकरू सांभाळायला सरकारच्या बालसंगोपन योजनेचे पैसे मिळतात का कोणाला? किती?

नुसती मावशी
महिन्याला २२५०. आधी ४२५ होते, मग ११०० झाले, मग हे. पण दर महिन्याला येतील अशा भरवशावर राहू नका, मला एकदा आठ महिन्यांचे एकदम आले. तोवर वह्या, गणवेश सगळं उधारीवर. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, मृत्यूचा दाखला लागतो. अन् घरासमोर उभं राहून मुलीसोबत फोटो. पोरगी त्या फोटोसाठी बाहेरच येईना. "गरीब आहो हे दाखवाले फोटो कायले पाहिजे?" काय सांगणार?

पराटी विकणे आहे
घरासमोर फोटो? आमचं घर पाहून पैसे वाढवून देतील मग.

त्या बाजूचा
मी सांभाळलेला पोरगा. १३ व्या वर्षी मामाकडे आलो. मामीला तीन वर्षं हाकच मारली नाही. 'मामी' जिभेवर यायचं नाही, 'आई' तर नाहीच. काही पाहिजे असलं की चुलीजवळ जाऊन उभा राहायचो. ती बिचारी ओळखायची.

कोठीवाली ताई, ते पुडे भुकेचे नव्हते. मीही दप्तरात शेंगदाणे ठेवायचो. उद्या हाकललं तर एसटी स्टँडवर काय खायचं, याचा हिशोब. कोणी हाकलणार नव्हतं, मामीनं तर कधी आवाजही चढवला नाही. हिशोब तरी चालूच.

एका पोळ्याला मामानं बैल धुवायला नाल्यावर मला एकट्याला पाठवलं. खुद्द स्वतःच्या पोराला ती जोडी हात लावू देत नव्हता. त्या दिवसापासून शेंगदाणे बंद झाले असं लिहिलं तर बरं वाटेल, पण नाही झाले. बारावीपर्यंत ठेवत होतो. बैल मात्र दरवर्षी मीच धुतले.

वेचणीवर
रडवलं नं राजा. वावरात बसून वाचून राहिली. यंदा तुमच्याकडे वेचणी किती देतात किलोले?

पराटी विकणे आहे
१० च्या खाली कोणी ओटी बांधत नाही. त्यातही दवाचा ओला कापूस मोजून देतात.

कोठीवाली
कापसाचं वेगळीकडे बोला हो.

एकटी गुरुजीण
माझा अनुभव वाईट, तरी लिहिते. २०२४ च्या नव्या नियमांत एकट्या माणसालाही असं मूल सांभाळता येतं, बाईला मुलगा-मुलगी दोन्ही, पुरुषाला फक्त मुलगा. मी अर्ज केला. १५ वर्षांची मुलगी आली. पाच महिन्यांत तिनंच समितीला सांगितलं, परत संस्थेत जायचं. कारण? "मॅडम खूप विचारतात." कुठं गेली होती, काय खाल्लं, कोणाचा फोन. मला वाटायचं काळजी करते. तिला वाटायचं हजेरी घेते. वीस वर्षं हजेरीच घेत आले म्हणा. गावानं तर आधीच ठरवलं होतं, बिनलग्नाची बाई, पोरगी आणली, म्हणजे काहीतरी असेल.
तिची एक चप्पल माझ्याकडेच राहिली. एकच. दुसरी कुठं गेली कळत नाही.

सरळ प्रश्न
असं सांभाळून पुढं दत्तक घेता येतं का?

एकटी गुरुजीण
दोन वर्षं सांभाळल्यावर. आधी पाच लागायची. पण मूल कायद्यानं दत्तकासाठी मोकळं असेल तरच. बाप हक्क सांगत असेल तर कुठलं.

कोठीवाली
आमच्यात तेच झालं. सतराव्या वर्षी बाप आला, दारू सोडली म्हणे. समितीनं चौकशी केली, पोराला विचारलं, तो हो म्हणाला. मला वाटलं नाही म्हणेल. जाताना सायकलची किल्ली माझ्या हातात ठेवली. अरे, तुझीच आहे सायकल, ने नं. नाही नेली. आता नागपूरला कुठंतरी काम करतो. दिवाळीला फोन येतो, "जेवले का?" म्हणतो अन् ठेवून देतो.

त्या बाजूचा
जेवले का विचारतो नं? मी मामीला तेही विचारत नव्हतो ताई.

नुसती मावशी
दिवाळीची वाट कायले पाहता, तुम्हीच लावा नं आज. पुड्यांचं सांगा त्याला.

कोठीवाली
पुड्यांचं नाही सांगणार, लाजेल तो. सायकलचं सांगते, हवा गेली म्हणून. संध्याकाळी लावते. आत्ता आभाळ भरून आलं अन् तूर अंगणातच पडून आहे.

पराटी विकणे आहे
ताडपत्री टाका आधी!