अंबडचा प्लांट, दोन रॅक, एकच फ्लॅट नेटवर्क : पैसा आधी कुठे लावू?

अंबड_आयटी

नमस्कार मंडळी,

अंबड एमआयडीसीत ऑटो कंपोनंटचा प्लांट आहे, सिन्नरला दुसरं युनिट, मध्ये आयपीसेक टनेल (एन्क्रिप्ट केलेली जोडणी). सर्व्हर रूममध्ये दोन रॅक. ईएसएक्सआय ७.० (एका मशीनवर अनेक सर्व्हर चालवणारं सॉफ्टवेअर) चे तीन होस्ट, एक सामाईक स्टोरेज, त्यावर २२ व्हीएम म्हणजे आभासी सर्व्हर : ईआरपी, टॅली, डोमेन कंट्रोलर (सगळ्यांचे लॉगिन सांभाळणारा), ड्रॉइंगचा फाइल सर्व्हर वगैरे. एकूण डेटा साधारण ८ टीबी. बॅकअपला वीम सॉफ्टवेअर. ते ज्या विंडोज सर्व्हरवर आहे तो डोमेनमध्येच (कंपनीच्या सामाईक लॉगिन व्यवस्थेत) आहे आणि बॅकअप त्याच रॅकमधल्या नॅसवर (नेटवर्कवरच्या डिस्क बॉक्सवर) जातो.

शॉप फ्लोअरवर १४ सीएनसी-व्हीएमसी (संगणकावर चालणारी मशीन). काहींचे कंट्रोलर अजून विंडोज एक्सपीवर आहेत, प्रोग्रॅम शेअर्ड फोल्डरमधून उचलतात. ४० सीसीटीव्ही कॅमेरे. सगळं १९२.१६८.१.० या एकाच नेटवर्कवर.

आता मोठ्या ग्राहकाकडून सायबर सुरक्षेची प्रश्नावली आली आहे आणि मॅनेजमेंटने यंदा १२ लाख मंजूर केलेत. व्हेंडर म्हणतो नवीन फायरवॉल आणि ईडीआर (संशयास्पद हालचाली पकडणारं सॉफ्टवेअर) घ्या, त्यातच बजेट संपतं. प्लांट तिन्ही शिफ्टमध्ये चालतो, हाताशी फक्त आठवड्याच्या सुट्टीचे ८ तास असतात. सुरुवात कुठून करावी?

गोदाकाठ

फायरवॉल नंतर घ्या. तुमच्या वर्णनातली सगळ्यात धोकादायक ओळ ‘वीम डोमेनमध्येच आहे’ ही आहे.

रॅन्समवेअरवाले (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारे) आजकाल एकेक पीसी एन्क्रिप्ट करत बसत नाहीत. चोरलेल्या व्हीपीएन पासवर्डने आत येतात, डोमेन अ‍ॅडमिन मिळवतात (म्हणजे सगळ्या नेटवर्कचा ताबा), मग थेट बॅकअप सर्व्हर गाठून जुने बॅकअप पुसतात. शेवटी व्ही-सेंटरमधून (सगळे होस्ट चालवणाऱ्या कन्सोलमधून) सगळ्या व्हीएम बंद करून होस्टवरच्या डिस्क फाइल एन्क्रिप्ट करतात. २२ सर्व्हर जायला २२ ठिकाणी घुसावं लागत नाही, तीन होस्ट पुरतात. व्हेंडर देतो तो ईडीआर विंडोजच्या आत बसतो. ईएसएक्सआयवर काय चाललंय ते त्याला दिसतच नाही.

म्हणून पहिल्या सुट्टीत बॅकअप वेगळा काढा. वीमसाठी नवीन विंडोज मशीन वर्कग्रुपमध्ये उभं करा, डोमेनला जोडू नका. जुन्या सर्व्हरवरून कॉन्फिगरेशन बॅकअप घ्या आणि त्याला एन्क्रिप्शन पासवर्ड नक्की द्या. तो दिला नाही तर साठवलेले पासवर्ड नव्या मशीनवर येत नाहीत आणि ऐन वेळी प्रत्येक जॉब हाताने दुरुस्त करावा लागतो.

मग साठवण. एक फिजिकल सर्व्हर घ्या, जुना चालेल, ४ टीबीच्या ८ डिस्क रेड-६ मध्ये (दोन डिस्क बिघडल्या तरी डेटा टिकतो), म्हणजे २४ टीबी हाताशी. त्यावर लिनक्स आणि एक्सएफएस फाइल सिस्टम, फॉरमॅट करताना रीफ्लिंक (तोच डेटा पुन्हा न लिहिता वापरण्याची सोय) चालू ठेवा. वीममध्ये हार्डन्ड रिपॉझिटरी (मुदतीपर्यंत बॅकअप पुसू न देणारी साठवण) म्हणून जोडा, क्रेडेन्शियल ‘सिंगल-यूज’ (एकदाच वापरून न साठवलं जाणारं) द्या, जोडणी झाली की एसएसएच (दुरून लॉगिनची सोय) बंद. इम्युटेबल (न पुसता येण्याची) मुदत किमान ७ दिवसांची असते, तुम्ही १४ ठेवा, कारण घुसखोर बऱ्याचदा आठवडाभर आत फिरून मगच हात घालतो. जॉबमध्ये आठवड्याला एक सिंथेटिक फुल (आधीच्या बॅकअपमधून जोडलेली पूर्ण प्रत) लावा. रीफ्लिंक असेल तर त्याला दुप्पट जागा लागत नाही.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली आयड्रॅक किंवा आयएलओची, म्हणजे सर्व्हर दुरून चालवायच्या कार्डाची. डिस्कवर फाइल पुसता येत नसली तरी या कार्डातून रिमोट कन्सोल उघडून अख्खा रेड उडवता येतो. त्या पोर्टची केबल काढून ठेवा, गरज पडली की सर्व्हर रूममध्ये जाऊन लावा. दुसरी घड्याळाची. मुदत घड्याळावर चालते. वेळ डोमेन कंट्रोलरकडून घेतली आणि तिथे कोणी ती महिनाभर पुढे ढकलली, तर कुलूप मुदतीआधीच उघडू शकतं. या सर्व्हरची वेळ डोमेनपासून वेगळ्या दोन-तीन सोर्सकडून घ्या.

सिन्नरला प्रत पाठवायचा विचार असेल तर आधी हिशेब करा. १०० एमबीपीएस लाइनवर सेकंदाला जेमतेम ११ एमबी जातात, ८ टीबीला आठ दिवसांहून जास्त. पहिली प्रत डिस्कवर भरून गाडीने न्या, पुढचे बदल लाइनवरून जाऊ द्या. रिस्टोअरचंही तसंच. १ जीबीपीएसवर ८ टीबीला सलग २० तास लागतात. बॅकअप सर्व्हर आणि होस्टमध्ये १० जीबीपीएसचे कार्ड आणि डीएसी (तांब्याची थेट) केबल टाका. या सगळ्या यादीत हा खर्च सगळ्यात लवकर वसूल होतो.

आता होस्ट. ईएसएक्सआय ७.० चा सपोर्ट २ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा ८ वर जाण्याची तारीख ठरवा. तोवर होस्ट डोमेनला जोडलेले असतील तर काढा. सीव्हीई-२०२४-३७०८५ या नोंदवलेल्या त्रुटीत नेमकं हेच होतं : डोमेनमध्ये ‘ईएसएक्स अ‍ॅडमिन्स’ नावाचा ग्रुप कोणी तयार केला की त्यातल्या प्रत्येकाला होस्टवर पूर्ण अधिकार. एसएसएच बंद, एसएलपी (नेटवर्कवर सेवा शोधणारी) सर्व्हिस म्हणजे ४२७ पोर्ट बंद. फेब्रुवारी २०२३ मधल्या ईएसएक्सआय-आर्ग्स या रॅन्समवेअरच्या लाटेत याच सर्व्हिसकडे बोट दाखवलं गेलं आणि तिचा पॅच २०२१ पासून उपलब्ध होता. ‘एक्झेक-इन्स्टॉल्ड-ओन्ली’ हे सेटिंग चालू करा, म्हणजे बाहेरून आणलेली बायनरी होस्टवर चालत नाही. लॉकडाउन मोड (होस्टवर थेट लॉगिन अडवणारं सेटिंग) नॉर्मल ठेवा. स्ट्रिक्ट नको, कारण त्यात व्ही-सेंटर पडलं तर होस्टच्या समोर उभं राहूनही आत जाता येत नाही.

सातपूर_नेटवर्क

वरच्या उत्तराशी सहमत. मी नेटवर्कचं सांगतो, कारण व्हीलॅन (त्याच स्विचवर वेगळी केलेली नेटवर्क) करायला घेताना सगळे एकच चूक करतात : मशीनचे आयपी बदलायला जातात.

१४ मशीनचे आयपी कंट्रोलरच्या पॅरामीटरमध्ये, डीएनसी (मशीनला प्रोग्रॅम पाठवणाऱ्या) सॉफ्टवेअरमध्ये, कधी लायसन्समध्येही बसलेले असतात. एक चुकला तर मशीन उभं आणि सर्व्हिस इंजिनिअर पुण्याहून येईपर्यंत शिफ्ट गेली. मशीनला हात लावू नका, ऑफिस हलवा. १९२.१६८.१.० हे नेटवर्क मशीनांसाठीच राहू द्या. ऑफिसचे पीसी १०.१०.२०.० वर, सर्व्हर १०.१०.३०.० वर, कॅमेरे १०.१०.४०.० वर, आणि होस्ट, व्ही-सेंटर, आयड्रॅक, स्विच, यूपीएसचं नेटवर्क कार्ड हे सगळं मॅनेजमेंटच्या १०.१०.९९.० वर न्या. ऑफिस डीएचसीपीवर (आयपी आपोआप मिळतो) असल्याने एका दुपारी हलतं. सर्व्हर मात्र एकेक करून हलवा, कारण टॅलीच्या क्लायंटमध्ये आणि ईआरपीच्या शॉर्टकटमध्ये आयपी लिहिलेले सापडतील. सुट्टीच्या आदल्या आठवड्यात डीएनएसमध्ये नावं टाकून क्लायंट नावावर आणा, मग आयपी बदलला तरी कोणाला कळत नाही.

मॅनेजमेंट व्हीलॅनमध्ये फक्त एका जंप सर्व्हरवरून (मधल्या ठरलेल्या मशीनवरून) जाता यावं, तोही डोमेनबाहेर आणि एमएफएसह (पासवर्डसोबत दुसरा पुरावा). अ‍ॅडमिनचा रोजचा लॅपटॉप तिथे थेट पोचत असेल तर वेगळा व्हीलॅन करून काही साधत नाही.

स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग (खोटा डीएचसीपी सर्व्हर अडवणं) लावताना अपलिंक पोर्ट ‘ट्रस्ट’ करायला विसरू नका, नाहीतर सकाळी अख्ख्या मजल्याला आयपी मिळत नाही. डायनॅमिक एआरपी इन्स्पेक्शन (दुसऱ्याचा आयपी आपला सांगणारं मशीन अडवणं) ऑफिसच्या व्हीलॅनवर चालवा, मशीनच्या व्हीलॅनवर नको. तिथे सगळे आयपी स्टॅटिक, स्नूपिंगच्या टेबलात नोंद नाही, त्यामुळे स्विच ते पॅकेट टाकून देतो. शॉप फ्लोअरवर पॅनेलच्या मागे कुठेतरी ८ पोर्टचा साधा स्विच लपलेला असतोच. तो शोधा आणि अ‍ॅक्सेस पोर्टवर बीपीडीयू गार्ड (पलीकडे स्विच किंवा लूप दिसला की पोर्ट बंद करणारं सेटिंग) लावा.

कॅमेऱ्यांना हलक्यात घेऊ नका. ईडीआरने विंडोजवर अडवल्यावर अकीरा या रॅन्समवेअर टोळीने एका वेबकॅमच्या लिनक्सवरून फाइल शेअर माउंट करून एन्क्रिप्शन केल्याची घटना २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली आहे. कॅमेऱ्याला फक्त एनव्हीआर (रेकॉर्डर) दिसावा, एनव्हीआरला इंटरनेट नको. साहेबांना मोबाइलवर फुटेज हवं असेल तर व्हीपीएनमधून.

आणखी एक, खास आपल्या नाशिकचं. सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते खोदले जातायत. फायबर तुटली की कोणीतरी ४जी राउटर आणून थेट कोअर स्विचला लावतो. काम चालू होतं, पण त्या क्षणापासून फायरवॉल बाजूला पडते आणि लाइन परत आल्यावरही तो राउटर तिथेच राहतो. बॅकअप सिम फायरवॉलच्या दुसऱ्या वॅन (इंटरनेटच्या) पोर्टवरच ठेवा, आणि स्विचचे रिकामे पोर्ट शटडाउन.

अंबड_आयटी

मशीन न हलवता ऑफिस हलवायचं, हे डोक्यात आलं नव्हतं. दोन अडचणी राहतात. एक्सपी कंट्रोलरला एसएमबी-१ (फाइल शेअरिंगची जुनी पद्धत) शिवाय शेअर दिसत नाही, आणि मशीनवाल्या कंपन्या एनीडेस्कवरून (दुरून पीसी चालवायचं सॉफ्टवेअर) सर्व्हिस देतात. आणि आहे त्या फायरवॉलवर एसएसएल व्हीपीएन (बाहेरून आत येण्याची जोडणी) चालू आहे, ते ठेवू का?

सातपूर_नेटवर्क

एसएमबी-१ फाइल सर्व्हरवर मात्र एक दिवसही ठेवू नका. मे २०१७ चा वॉनाक्राय त्याच दारातून, ४४५ पोर्टवरून पसरला होता. मशीनच्या व्हीलॅनमध्ये एक छोटा लिनक्स बॉक्स ठेवा, जुना पीसी पुरेल. त्यावर साम्बा (लिनक्सवरून विंडोजसारखं शेअर देणारं सॉफ्टवेअर), ‘सर्व्हर मिन प्रोटोकॉल’ एनटी-१ (म्हणजे एसएमबी-१), एकच शेअर, मशीनसाठी फक्त वाचण्याचा अधिकार. डिझाइनची माणसं प्रोग्रॅम सर्व्हरच्या ठरलेल्या फोल्डरमध्ये टाकतील आणि सर्व्हर दर ५ मिनिटांनी एसएफटीपीने ते या बॉक्सवर ढकलेल. कनेक्शन कायम सर्व्हरकडून सुरू व्हावं. बॉक्सकडून सर्व्हरकडे काहीच उघडू नका. दोन्हीकडे पाय ठेवणारा, दोन नेटवर्क कार्डांचा विंडोज पीसी हा सोपा वाटणारा मार्ग आहे, पण त्यातून दोन्ही नेटवर्क परत एक होतात. ज्या कंट्रोलरला एफटीपी येतं त्याला एफटीपी द्या. फॅनक कंट्रोलरचं मॉनिटरिंग असेल तर त्याच्या फोकास जोडणीचा ८१९३ पोर्ट फक्त त्या सर्व्हरकडून उघडा.

एनीडेस्क मशीनच्या पीसीवर कायम चालू नको. सर्व्हिसच्या वेळी फायरवॉलचा नियम चालू करा आणि त्याला संपण्याची वेळ घाला, समजा ४ तास. फोन ठेवल्यावर नियम बंद करायचं कोणाच्या लक्षात राहत नाही, शेड्यूलला राहतं.

लॉग_आणि_नियम

व्हीपीएनचं मी घेतो. गेल्या काही वर्षांत एसएसएल व्हीपीएनमधल्या त्रुटींतून इतक्या घुसखोरी झाल्या आहेत की फोर्टिनेट या फायरवॉल कंपनीने फोर्टीओएस ७.६.३ पासून त्याचा टनेल मोडच काढून टाकला. तुमचा बॉक्स कोणत्याही कंपनीचा असो, आयपीसेकवर या, प्रत्येक युजरला एमएफए द्या, आणि अ‍ॅडमिन पान इंटरनेटच्या बाजूने बंद करा. पॅच टाकला म्हणजे सुटलो असंही नाही. पॅचच्या आधी कोणी पासवर्ड उचलले असतील तर ते पॅचनंतरही चालतात. अपग्रेडनंतर लोकल युजर, व्हीपीएन युजर आणि फायरवॉलचं एलडॅप खातं (डोमेनमधले युजर तपासायचं), तिघांचेही पासवर्ड बदला. ते एलडॅप खातं बऱ्याच ठिकाणी डोमेन अ‍ॅडमिन म्हणून दिलेलं असतं. त्याला फक्त वाचण्याचा अधिकार पुरतो.

ईडीआर निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. पण २२ सर्व्हर आणि अकाउंट्स, डिझाइनचे पीसी एवढ्यांनाच घ्या. टॅम्पर प्रोटेक्शन (ईडीआर बंद करू न देणारं सेटिंग) चालू आणि पोर्टलला एमएफए हवंच, नाहीतर घुसखोर पोर्टलवरूनच तो काढून टाकतो.

प्रश्नावलीत लॉगचा प्रश्न असणारच. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचे आणि घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची. घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवायची. जागेचा हिशेब असा : सेकंदाला २०० नोंदी, प्रत्येकी ५०० बाइट, म्हणजे दिवसाला साधारण ८.६ जीबी आणि १८० दिवसांचे दीड टीबी, तेही कॉम्प्रेस न करता. एका लिनक्स व्हीएमवर सहज बसतं, महागडं सीम (लॉग तपासायचं सॉफ्टवेअर) लागत नाही. फक्त ही व्हीएम त्याच तीन होस्टवर ठेवली तर हल्ल्यात पुरावाही जातो. लॉगची रोजची प्रत बॅकअपच्या त्या लिनक्स सर्व्हरवर जाऊ द्या, वीमच्या जॉबमधूनच.

विंडोजचा सिक्युरिटी लॉग मुळात छोटा असतो, डोमेन कंट्रोलरवर लवकरच भरून जुन्या नोंदी पुसल्या जातात. तो १ जीबी करा. सुरुवातीला तीनच इव्हेंटवर मेल लावा : ११०२ लॉग पुसला, ७०४५ नवी सर्व्हिस बसली, ४७२८ ग्लोबल ग्रुपमध्ये कोणी जोडलं, तेही डोमेन अ‍ॅडमिन्सपुरतं. शंभर अलर्ट लावले तर दोन आठवड्यांत कोणी बघत नाही.

हल्ला झालाच तर व्हीएम बंद करू नका, नेटवर्क तोडा. मेमरीतला पुरावा बंद केल्यावर जातो. रिकव्हरीत केआरबीटीजीटी या, डोमेनच्या लॉगिन तिकिटांवर सही करणाऱ्या खात्याचा पासवर्ड दोनदा बदलायचा, मध्ये १० तासांहून जास्त अंतर ठेवून, कारण तिकिटाची मुदत मुळात १० तासांची असते. लागोपाठ दोनदा बदललात तर चालू लॉगिन आणि सर्व्हिस कोलमडतात. पैशाची फसवणूक असेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन. आणि हे सगळे नंबर कागदावर छापून सर्व्हर रूमच्या दारावर लावा, फाइल सर्व्हरवर ठेवलेली यादी त्या दिवशी उघडणार नाही.

गोदाकाठ

सुट्ट्यांचा क्रम सुचवतो. पहिल्या सुट्टीत वीम आणि लिनक्स रिपॉझिटरी. दुसरीत मॅनेजमेंट व्हीलॅन आणि जंप सर्व्हर. तिसरीत कॅमेरे आणि ऑफिस. सर्व्हर त्यानंतर, आठवड्याला तीन-चार. फायरवॉलचा निर्णय व्हीलॅन झाल्यावर घ्या. आतली ट्रॅफिक त्यातून जायला लागली की किती क्षमतेचा बॉक्स लागतो ते मोजून कळेल. व्हेंडर डेटाशीटवरचा मोठा आकडा दाखवेल, तुम्ही आयपीएस (हल्ला ओळखून अडवणं) आणि एसएसएल तपासणी चालू असतानाचा आकडा मागा.

चौथी सुट्टी मात्र रिकामी ठेवा आणि त्यात ईआरपीची व्हीएम दुसऱ्या नावाने, नेटवर्क तोडलेल्या पोर्टग्रुपवर (होस्टमधल्या आभासी नेटवर्कवर) रिस्टोअर करा. सोबत डोमेन कंट्रोलरही उचला, नाहीतर ईआरपीला लॉगिनच होणार नाही. अकाउंट्सच्या माणसाला शेजारी बसवून कालचं शेवटचं इनव्हॉइस उघडायला सांगा आणि सुरुवातीपासून तिथवर किती वेळ लागला तो लिहून ठेवा. ग्राहकाच्या प्रश्नावलीत रिकव्हरी टाइमच्या रकान्यात तोच आकडा भरा.