मदत हवी आहे: लहान मुलांच्या पोहण्याच्या स्पर्धेत टेक सूट (वेगासाठीचा खास घट्ट स्विमसूट) चालतो का?

मुलगी 11 वर्षांची, सोलापुरातच पोहते, पुढच्या महिन्यात जिल्ह्याची स्पर्धा आहे. मागच्या वेळी दोन पोरींनी गुडघ्यापर्यंतचे टेक सूट घातलेले, इतके घट्ट की आयांनी दोन्हीकडून ओढून चढवले, आणि आमची साध्या कॉस्च्युमवर, 50 मीटर फ्रीस्टाईलचं मेडल थोडक्यात गेलं. पॉलियुरेथेनचे (एक प्रकारच्या प्लास्टिकचे) सूट 2010 पासून बंद आहेत, कापडीच चालतो, ते माहितीये. अमेरिकेत तर 12 आणि त्याखालच्या वयाच्यांना बहुतेक स्पर्धांत टेक सूटच बंद केलाय, बरोबरच आहे ते. कोचना विचारलं तर म्हणे चालतंय की, आयोजकांकडून नीट उत्तर नाही. महागडा सूट घेणं जमणार नाही, वाढतं अंग आहे. आपल्याकडे जिल्हा-राज्य पातळीवर लहान गटासाठी असा लेखी नियम आहे का, आणि पालकाला रेसआधी हरकत घ्यायची तर कुणाकडे?