वर्डप्रेस: नेहमीच्या वाचकांच्या कमेंट अडकतात आणि मंजुरीचे मेल थांबत नाहीत

आडवाट
नमस्कार. आमच्या ट्रेकिंग ग्रुपची वर्डप्रेसवर साइट आहे. कर्जत-नेरळ भागातले किल्ले जास्त: कोथळीगड, राजमाची, पेब, ढाक बहिरी. पावसाळा लागला की 'कमेंट मंजुरीसाठी थांबली आहे' असे मेल येत राहतात. स्पॅम असतं तर समजलं असतं, पण ही सगळी खरी माणसं आहेत. 'पहिली कर्जत लोकल पकडली तर आंबिवलीला कधी पोचू?' अशा कमेंट. ज्यांच्या कमेंट आधी मंजूर झाल्यात तेही अडकतात. मी स्वतः तीच कमेंट टाकून पाहिली, लगेच दिसली. सगळे प्लगिन बंद करून झाले, फरक नाही.

सेटिंग्जमधली 'कमेंट थांबली की मेल पाठवा' ही टिक काढून टाका असं कृपया सांगू नका. सांडशीच्या वाटेवरच्या ओढ्याला पाणी चढलंय अशी एका वाचकाची सूचना याच मेलांच्या गर्दीत पडून राहिली आणि दुसऱ्या दिवशी लोक तिकडे निघणार होते. मला कमेंट का थांबतात ते शोधायचंय.

होस्टिंगवाला
लिंक असतील. दोन किंवा जास्त लिंक असलेली कमेंट थांबवायची, हे वर्डप्रेसमध्ये आधीपासूनच ठरलेलं असतं. नकाशा आणि फोटो अशा दोन लिंक दिल्या की झालं. आकडा वाढवा.

आडवाट
वाढवला. पण बहुतेक कमेंटमध्ये एकही लिंक नाही.

काना_मात्रा
कमेंट कोणत्या नियमामुळे थांबली हे त्या मेलमध्ये नसतंच, त्यामुळे शोधावं लागतं. सेटिंग्जमध्ये डिस्कशन उघडा, खाली कमेंट मॉडरेशनची चौकट आहे. त्यातले शब्द इथे टाका.

आडवाट
कर्ज, लोन, रमी, कॅसिनो, लॉटरी. साइट आधी बघणाऱ्या मित्राने जाहिरातींचा मारा सुरू झाला तेव्हा घातले होते.

काना_मात्रा
सापडलं. ही यादी पूर्ण शब्द जुळवत नाही. तीच अक्षरं कमेंटमध्ये कुठेही आली तरी पुरतं. 'कर्जत'मध्ये 'कर्ज' आहे! तुमच्या साइटवर कर्जत न लिहिता कोण काय विचारणार? 'गरमीत पाणी मिळेल का' यात 'रमी' आहे. कुणी 'लोनावळा' असं लिहिलं की 'लोन' आलं. इंग्रजीत याचा इशारा त्या चौकटीवरच दिलेला असतो: 'प्रेस' टाकलंत तर 'वर्डप्रेस'ही पकडलं जाईल. मराठीत तर शब्दाला प्रत्यय चिकटतात, गावांच्या नावांत काहीही दडलेलं असतं, म्हणून इथे फार जपायला हवं. आणि तपासणी फक्त मजकुराची होत नाही. नाव, ईमेल, वेबसाइटचा पत्ता, आयपी, ब्राउझरची ओळख, सगळं बघितलं जातं. कर्जतकर आडनावाच्या माणसाने नुसतं 'छान लेख' लिहिलं तरी तो अडकेल.

जुने वाचक का अडकतात? कारण आधी लिंक, मग ही यादी, आणि त्यानंतरच 'पूर्वी मंजूर झालेला आहे का' हे पाहिलं जातं. यादीत सापडला की गोष्ट तिथेच संपली. तुमची कमेंट मात्र सुटते, कारण लॉगिन केलेल्या अ‍ॅडमिनला आणि त्या लेखाच्या लेखकाला ही तपासणी लागूच नाही. लॉगआउट करून, खासगी विंडोतून करून बघा.

होस्टिंगवाला
मग ते शब्द खालच्या 'डिसअलाउड कमेंट कीज'मध्ये हलवा. मेल लगेच बंद होतील.

काना_मात्रा
नको, अजिबात नको. मेल बंद होतील ते कमेंट सरळ कचऱ्यात जातात म्हणून. शब्द तिथेही तसेच जुळवले जातात. कुणाला कळणार नाही आणि कचरा सहसा 30 दिवसांनी आपोआप रिकामा होतो. ओढ्याची ती सूचना रांगेत निदान सापडली तरी. तिथे गेली असती तर कुणी बघितलीही नसती.

एकेकटे शब्द काढा आणि जाहिरातीत जसे येतात तसे पूर्ण तुकडे घाला: 'झटपट कर्ज', 'पर्सनल लोन', 'ऑनलाइन रमी'. एका ओळीत एक, मधली जागा चालते. 'कर्ज'च्या पुढे मोकळी जागा सोडून काम होणार नाही, कडेच्या जागा कापल्या जातात. रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे शब्दांचा नमुना सांगणारी सांकेतिक खूण, तीही चालत नाही.

आडवाट
केलं. खासगी विंडोतून 'कर्जत स्टेशनवरून कोंदिवडे' असं लिहिलं, लगेच दिसलं. खूप आभार! आधीच्या अडकलेल्या कमेंट आपोआप सुटतील का?

काना_मात्रा
नाही, तपासणी कमेंट येते त्या क्षणी एकदाच होते. त्या हातानेच मंजूर करा. कमेंटच्या यादीत 'कर्जत' शोधा, एकदम निवडून मंजूर करता येतात. आधी पाण्याच्या आणि वाटांच्या सूचना असतील त्या घ्या, लोकलच्या वेळा नंतर केल्या तरी चालतील.