प्रति: पोस्टडॉकला तीन वर्षं कशाला?

क्रायो-ईएम (गोठवलेल्या नमुन्याची इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी) आल्यापासून प्रथिनाची रचना काढणं म्हणजे आठवड्याभराचं संगणकावरचं काम, मग पोस्टडॉकला, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाला, तीन वर्षं कशाला, असं एकाने वर विचारलंय. मायक्रोस्कोपवरचे दिवस मोजकेच असतात, हे मान्य. वेळ खातं ते प्रथिन. मी फोटोसिस्टिम-२ वर, म्हणजे वनस्पतींमध्ये प्रकाशाच्या जोरावर पाणी फोडून ऑक्सिजन सोडणाऱ्या प्रथिनांच्या संचावर, काम करायचो तेव्हा सकाळी बाजारातून कोवळा पालक आणायचा, ४ अंशाच्या खोलीत मिक्सरमधून काढायचा आणि पुढचं सगळं मिणमिणत्या हिरव्या दिव्याखाली, कारण क्लोरोफिल हिरवा प्रकाश सगळ्यात कमी शोषतं, म्हणून नमुन्याला त्याचा त्रास कमी. बोटं गारठलेली, आणि साखरेच्या द्रावणाच्या नळीतला हिरवा पट्टा हिरव्याच उजेडात शोधायचा! डिटर्जंट जरा जास्त पडला की बाहेरची प्रथिनं सुटतात, पाठोपाठ पाणी फोडायला लागणारं मँगनीजही. मग ऑक्सिजन मोजणाऱ्या इलेक्ट्रोडवर रेघ सपाट आणि आठवडा पाण्यात.

बरं, रचना हाती आली तरी ती खरी कशावरून? २०११ मध्ये जपानमध्ये शेन आणि कामिया यांच्या गटांनी फोटोसिस्टिम-२ ची १.९ अँगस्ट्रॉम इतकी बारकाईची रचना क्ष-किरणांनी काढून दिली (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). चार मँगनीज, एक कॅल्शियम, पाच ऑक्सिजन असा पाणी फोडणारा पुंजका पहिल्यांदाच स्पष्ट दिसला. पण ज्या क्ष-किरणांनी तो बघायचा, तेच त्यातल्या मँगनीजचं क्षपण करतात, म्हणजे त्याला जादा इलेक्ट्रॉन मिळून पुंजक्याचा आकार बदलतो. २०१५ मध्ये शेन यांच्या गटाने क्ष-किरण लेसरच्या फेम्टोसेकंदांच्या (सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशाच्या) झोतांनी, इजा व्हायच्या आत, पुन्हा मोजमाप केलं, तेव्हा मँगनीजमधली अंतरं ०.१ ते ०.२ अँगस्ट्रॉमने कमी भरली. क्रायो-ईएममधले इलेक्ट्रॉनही याच पुंजक्याला बाधतात.