इथलेपण: पोलंडच्या ज्यू तरुणांचा विश्वास चुकला होता का?

रघुनंदन
परवा 19 एप्रिल झाला. 1943 साली याच दिवशी वॉर्सा घेट्टोतला, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतला, उठाव सुरू झाला. त्यातला एक म्होरक्या मारेक एडेलमन ‘त्सुकुन्फ्ट’मध्ये घडला. ‘बुंद’ या ज्यू कामगार पक्षाची ही तरुणांची संघटना. बुंदवाल्यांचा एक यिडिश शब्द मला सोडत नाही: ‘दोइकाइट’. मराठीत सरळ ‘इथलेपण’. जिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलो तोच आपला देश, भाषा आपली यिडिशच, आणि लोकशाही आणायची ती शेजारच्या पोलिश कामगाराच्या खांद्याला खांदा लावून.

वॉर्सा विद्यापीठात 1937 मध्ये ज्यू विद्यार्थ्यांना वर्गात वेगळी बाकं दिली. त्यांच्या विद्यापीठाच्या वहीवर शिक्का असे: ‘विषम क्रमांकाच्या बाकांवर जागा’. अनेक पोरं त्या बाकांवर बसलीच नाहीत. हातात वही धरून अख्खं व्याख्यान उभ्यानं ऐकलं. त्यांच्यासोबत काही पोलिश विद्यार्थी उभे राहिले, काही प्राध्यापकही. तत्त्वज्ञ कोतारबिन्स्की त्यातलेच.

माझ्या मते ती मुलं बरोबर होती.

शैलजा
उभं राहण्याचं धैर्य मान्य. पण पुढे काय झालं? पोलंडमध्ये तेहतीस लाखांच्या आसपास ज्यू होते, त्यातले दहापैकी नऊ मारले गेले. मारणारे नाझी होते, हे खरं. पण येद्वाब्नेत 10 जुलै 1941 ला गावातल्याच पोलिश लोकांनी आपल्या ज्यू शेजाऱ्यांना कोठारात कोंडून जाळलं. किमान 340 माणसं. ज्यांच्या भरवशावर ‘इथलेपण’ उभं होतं तेच हे शेजारी. नेत्यांनी पोरांना वेळेत ‘निघा’ म्हणायला हवं होतं.

रघुनंदन
निघून जायचं कुठे, शैलजाताई? अमेरिकेनं 1924 मध्येच बाहेरून येणाऱ्यांचा कोटा आवळला. ब्रिटिशांनी 1939 मध्ये पॅलेस्टाइनसाठी पाच वर्षांत 75 हजार ज्यूंची मर्यादा घातली. तेहतीस लाख माणसं कुठल्या बोटीत बसणार होती?

शैलजा
सगळी नसती गेली. पण 1924-25 मध्ये हजारो पोलिश ज्यू पॅलेस्टाइनला गेलेच ना? तेव्हा दार किलकिलं होतं. अठरा वर्षांच्या पोराला ‘हीच आपली माती’ शिकवणाऱ्यानं या प्रश्नाचं उत्तर द्यायलाच हवं.

नागावकर
कोकणातलं सांगतो. आमच्या आळीत शनवार तेल्यांची, म्हणजे बेने इस्रायली ज्यूंची, दोन घरं होती. शेजारच्या मावशींकडे मलिदा असला की पोहे, गूळ, ओलं खोबरं, वर केळ्याचे काप, अशी ताटली आमच्याकडे यायची. त्यांना कुणी हाकललं नव्हतं, तरी इस्रायलला गेले. तिकडून पत्र आलं ते मराठीतच, त्यात आमच्या विहिरीला पाणी किती आहे याची चौकशी. म्हणून मला वाटतं, गेलेल्याचं इथलेपण खोटं ठरत नाही. पोलंडशी तुलना करत नाही. आमच्याकडे तशी वेळ आलीच नाही.

पल्लवी
मी रघुनंदनच्या बाजूची. डिसेंबर 1942 मध्ये ‘झेगोटा’ नावाची गुप्त समिती उभी राहिली, ज्यूंना लपवायला, खोटी कागदपत्रं आणि पैसे पुरवायला. अध्यक्ष पोलिश समाजवादी यूलियन ग्रोबेल्नी, उपाध्यक्ष बुंदचा लेओन फायनर. त्यात कॅथलिक होते, झिओनिस्ट, म्हणजे पॅलेस्टाइनात ज्यूंचा देश मागणारेही, होते. युद्धाआधी एकत्र काम केलेली माणसं नसती, तर जर्मनांच्या नाकाखाली कोण कुणावर विश्वास टाकणार होतं? मदतीची शिक्षा मृत्यू होती.

शैलजा
झेगोटाबद्दल मला आदरच आहे. पण बुंदचाच श्मुएल झिगिएलबोइम लंडनमध्ये पोलिश निर्वासित सरकारच्या राष्ट्रीय परिषदेत बसून मित्रराष्ट्रांना हाका मारत राहिला. कुणी हललं नाही. मे 1943 मध्ये त्यानं जगाच्या निषेधार्थ जीव दिला. त्याचीही श्रद्धा हीच होती.

रघुनंदन
त्याला फसवलं त्यांचा गुन्हा, त्याच्या श्रद्धेचा नव्हे. एडेलमन वाचला, पोलंडमधल्याच वूज (लॉड्झ) शहरात हृदयरोगतज्ज्ञ झाला. 1968 मध्ये सरकारनंच ज्यूविरोधी मोहीम उघडली, तरी देश सोडला नाही. पुढे सॉलिडॅरिटी या कामगार चळवळीत उतरला आणि 1983 मध्ये लष्करी राजवटीनं भरवलेल्या उठावाच्या सरकारी स्मरणसोहळ्याला जायला नकार दिला. दर 19 एप्रिलला उठावाच्या स्मारकापाशी पिवळी फुलं ठेवायचा. 2009 मध्ये वॉर्सात त्याला पुरलं, तेव्हा शवपेटीवर बुंदचा झेंडा होता.

शैलजा
1968 च्या त्या मोहिमेनंतर एडेलमनची बायको मुलांना घेऊन फ्रान्सला गेली. तेही लिहा.