शब्दचर्चा : स्ट्रेस आणि स्ट्रेन, दोन्ही ‘ताण’ कसे?

– उच्च रक्तदाबाने होणाऱ्या हृदयविकारावरचा मजकूर मराठीत लिहिताना दोन्हींसाठी ‘ताण’ वापरला. वाक्य झालं, ‘हृदयाच्या भिंतीवरचा ताण वाढला की ताण कमी होतो.’ पहिला ताण म्हणजे स्ट्रेस, दुसरा स्ट्रेन. वेगळा शब्द आहे का?

– पदार्थविज्ञानात स्ट्रेसला प्रतिबल आणि स्ट्रेनला विकृती असे शब्द आहेत. पण इथे ‘विकृती’ अजिबात नको. वैद्यकात विकृती म्हणजे बिघाड. ‘विकृती उणे २० टक्के’ वाचून धडधाकट माणूस धास्तावेल. इकोतला (हृदयाच्या सोनोग्राफीतला) स्ट्रेन म्हणजे ठोक्यागणिक स्नायूची लांबी किती बदलली, एवढंच. १० सेंमीचा पट्टा ८ सेंमी झाला, तर उणे २० टक्के. ‘लांबीतलं आकुंचन’ लिहा आणि उणे चिन्ह गाळा. नाहीतर उणे २० चं उणे १५ झालं की ‘वाढलं’ लिहायचं की ‘घटलं’, यात हमखास घोळ होतो. आकुंचन घटलेलं असतं.

– पटलं. ‘ताण’ स्ट्रेससाठीच राखावा, कारण रक्ततपासणीचं नातं त्याच्याशी आहे. डाव्या निलयाची (हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याची) भिंत ताणली गेली की स्नायूपेशींतून बीएनपी आणि एनटी-प्रोबीएनपी हे तपासणीत मोजले जाणारे घटक रक्तात उतरतात. हा ताण ढोबळमानाने दाब गुणिले त्रिज्या, भागिले जाडीची दुप्पट. म्हणजे भिंत जाड झाली की ताण आवरला जातो. म्हणूनच इकोत भिंत १३ मिमी, म्हणजे जाड दिसते आणि एनटी-प्रोबीएनपी मात्र १२५ पिकोग्रॅम प्रति मिली या नेहमीच्या मर्यादेच्या आत असतं, असं घडू शकतं. स्थूलपणातही ते कमी येतं. वय आणि मूत्रपिंडाच्या आजाराने वाढतं. ‘रक्त नॉर्मल, म्हणजे हृदय नॉर्मल’ असं वाक्य मजकुरात असेल तर काढाच.

– ‘हृदय वाढलंय’ हेही टाळा. भिंत जाड झाली की पोकळी मोठी झाली, ते कळत नाही. त्यासाठी गुणोत्तर काढतात, मागच्या भिंतीच्या जाडीची दुप्पट भागिले पोकळीचा व्यास : १२ आणि ४४ मिमी असतील तर ०.५५. ०.४२ च्या वर गेलं की पोकळीच्या मानाने भिंत जाड.

– आणि फायब्रोसिसला, म्हणजे हृदयाच्या स्नायूत तंतू साठण्याला, ‘व्रण’?

– नको, ‘तंतुमयता’. व्रण एका जागी असतो. इथे तंतू बहुधा सगळीकडे विखुरलेले असतात. एमआरआयमध्ये रंगद्रव्य देऊन उशिरा घेतलेल्या चित्रात असे तंतू निसटतात, कारण तुलनेला निरोगी भागच उरत नाही. त्यासाठी ‘पेशीबाह्य जागेची टक्केवारी’ काढतात आणि तिच्या सूत्रात हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण, लागतो. तो त्याच दिवशीचा घ्यावा; जुना घातला तर टक्केवारीच चुकते.